कपाटावरची बरणी

सकाळी साडेसहा वाजता चिनीमातीच्या रुंद बरणीच्या तोंडावरचं मलमलचं फडकं सोडलं गेलं, आणि आत पाणी निघालं.

रविवारी ही बरणी सगळ्यांनी पाहिली होती. तळाशी कापसाचा जाड थर, बाकी रिकामी. बेकरीवाल्याने मनगटापर्यंत हात घालून कापूस चाचपला होता आणि "कोरडा ठणठणीत" असा दाखला दिला होता. मग कोरडेबाबांनी फडकं बांधलं, पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या शेडमधल्या कोब्यावर मधोमध बरणी ठेवली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली बेकरीवाल्याच्याच खिशात टाकली. आज गुरुवार. कुलूप तसंच, गाठ तशीच, आणि कापूस पाण्यात बुडालेला.

"दोन बोटं आहे! चांगलं दोन बोटं!" बेकरीवाला ओरडला.

शेडमध्ये मावतील तेवढी माणसं आत होती, उरलेली खिडकीला लटकली होती. मागच्यांना काही दिसत नव्हतं, पण "अरे बापरे" म्हणण्यात ते मागे नव्हते. शिंपीणबाईंनी हात जोडले. कोरडेबाबांनी डोळे मिटले.

कोरडेबाबा हे नाव लोकांनी ठेवलं की त्यांनी स्वतः, हे कळायला मार्ग नाही. अंगात पांढरा लांब कोट, पायात पांढरेशुभ्र बूट. कितीही चिखल असो, बुटांवर शिंतोडा नाही, ही त्यांची पहिली सिद्धी. ते गाडीतून उतरण्याआधी बूट बदलतात हे एका टॅक्सीवाल्याने पाहिलं होतं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"याला पाणी म्हणू नका," बाबा म्हणाले. "हा या भूमीचा घाम आहे. भूगर्भात कंपनं असतात. कंपनांची ऊर्जा असते. ऊर्जेवर ऋणभार चढला की ओल वर येते. मी काय केलं? काही नाही. मी कोब्याला विचारलं, बाळा, का रडतोस? आणि कोबा बोलला."

"काय बोलला?" खिडकीतून कुणीतरी विचारलं.

बाबांनी डोळे न उघडता हात लांब केला. बोट पलीकडच्या भिंतीकडे वळलं. त्या भिंतीपलीकडे कमरेएवढं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे बाइंडरच्या धाकट्या भावाचं गॅरेज.

"म्हणाला, माझा भाऊ शेजारी आहे. तो आपली ओल माझ्या अंगावर ढकलतो आणि स्वतः कोरडा राहतो."

बाइंडर, म्हणजे या दोन भावांतला थोरला, जागच्या जागी थरारला. गेली कित्येक वर्षं मनात घोळणारी गोष्ट, जी बायकोसमोरही बोलायची सोय नव्हती, ती आज एका पांढऱ्या कोटातल्या माणसाने सगळ्या गल्लीसमोर उच्चारली होती. त्याला बाबांच्या पायाशी बसावंसं वाटलं.

कारण प्रश्न नुसत्या ओलीचा नव्हता. प्रश्न भावाच्या कोरड्या फरशीचा होता.

दोघांनी शेड आणि गॅरेज एकाच वर्षी बांधलं. गवंडी एक, सिमेंट एक, खडी एकाच ढिगातली. कोब्याखाली अंथरायचा जाड प्लास्टिकचा कागदही एकाच गुंडाळीतला. आणि तरी थोरल्याच्या कोब्यावर सकाळी पाऊल टाकलं की तळवा चिकटायचा. शिवलेल्या पुस्तकांचे पुठ्ठे वाळायला ठेवावेत तर संध्याकाळपर्यंत पापडासारखे वाकायचे. खळ वाळायची नाही, आणि वाळली की तिच्यावर राखाडी बुरशी. तिकडे धाकट्याच्या गॅरेजात? धाकटा उन्हाळ्यात गाडी बाहेर काढून तिथे चटई टाकून चक्क झोपायचा! उशी घेऊन! थोरल्याने हे कुंपणावरून अनेकदा पाहिलं होतं. घोरण्याचा आवाज आला की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हेव्याला कारण लागत नाही असं म्हणतात, पण थोरल्याकडे कारणं होती. धाकट्याला नोकरी चांगली लागली. धाकट्याला मुलं हुशार झाली. धाकट्याची बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि बोलायचीही गोड. इतकं सगळं मिळाल्यावर निदान जमीन तरी दोघांची सारखी असावी की नाही?

आणि आता तर पोटावर आलं होतं. ग्रंथालयाच्या बाईंनी मागच्या खेपेची पुस्तकं उघडली तेव्हा पानांना वास येत होता. "ही शेवटची संधी," त्यांनी सांगितलं होतं. "पुढच्या खेपेत एक जरी पुस्तक फुगलेलं निघालं तर काम दुसरीकडे जाईल. मला वाईट वाटेल, पण जाईल." बाइंडरचं वर्षाचं निम्मं काम ग्रंथालयाचं होतं.

"मग उपाय काय, बाबा?" थोरल्याने विचारलं. आवाज नको तितका उत्सुक होता.

"सोपा आहे. जिथून ओल ढकलली जाते तिथे तोंड उघडायचं. त्या गॅरेजच्या कोब्याला मुठीएवढं भोक. आरपार, मातीपर्यंत. ओल आपल्या घरी परत जाईल."

"आणि इथल्या कोब्यावर काही रंगबिंग, नवा थर...?"

"अजिबात नाही! सिमेंट, रंग, प्लास्टिक, काही लावलंत तर बंध तुटेल. मग मला दोष देऊ नका."

बाबा फी घेत नसत. फी हा शब्दच त्यांना सहन व्हायचा नाही. ते देणगी घेत.

गर्दीसकट थोरला धाकट्याच्या दारात पोचला तेव्हा धाकटा दाढीला फेस लावून उभा होता.

"भोक?" तो म्हणाला. "दादा, माझ्या गॅरेजला?"

"मुठीएवढं."

"कुणाच्या मुठीएवढं?" मागून धाकटी म्हणाली. ती शाळेला निघाली होती, हातात डबा होता. "बाबांच्या की तुमच्या, भाऊजी? तुमची मोठी आहे."

गर्दीत कुणीतरी खुसखुसलं. थोरल्याचा चेहरा लाल झाला.

"तुला चेष्टा सुचते. माझी पुस्तकं सडतायत."

"पुस्तकं सडू नयेत असं मलाही वाटतं," धाकटी म्हणाली, आणि ती खरंच तसं म्हणत होती. "पण भोक पाडलं की ते बुजत नाही, खालचा कागद फाटला की फाटला. म्हणून आधी खात्री करू. बाबांची एक बरणी आमच्या गॅरेजात ठेवा. तितकेच दिवस, तसंच कुलूप. किल्ली बेकरीवाल्यांकडे. काय निघतं ते सगळ्यांसमोर बघू, मग भोक."

बाबा हसले. "बाई शिकलेल्या दिसतात. ठेवू की. भरली तर समजा, ओलीचं उगमस्थान इथे आहे."

"आणि नाही भरली तर?"

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "ती भरणार," ते म्हणाले.

बाबांना दुसऱ्या वस्तीत जायचं होतं. त्यांनी दुसरी बरणी थोरल्याच्या हवाली केली. घरातला वडीलधारा म्हणून त्यानेच ती संध्याकाळी गॅरेजात ठेवावी, असं ठरलं. जाता जाता बाबा थोरल्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "तिथली जमीन चार दिवसांत आणखी कोरडी होईल. तेवढं सोसा. मग भोक आहेच."

आणखी कोरडी?

दिवसभर थोरला पुठ्ठे कापत होता आणि हे दोन शब्द त्याच्या डोक्यात करवतीसारखे फिरत होते. आणखी कोरडी. म्हणजे बाबांची सिद्धी, बाबांची बरणी, आणि तिचा लाभ धाकट्याला? जो आधीच उशी घेऊन झोपतो त्याला? आता काय, तिथे गादी घालणार तो?

संध्याकाळी त्याने जे केलं ते ठरवून केलं नाही. बाबांची बरणी म्हणजे काही वेगळी चीज नव्हती; अशी पांढरी बरणी कुठल्याही स्वयंपाकघरात असते. थोरल्याच्या घरात साखरेची होती. त्याने साखर डब्यात ओतली, बरणी धुतली, पुसली, चुलीजवळ वाळवली, तळाशी औषधपेटीतला कापूस दाबला आणि वर मलमलचा तुकडा बांधला. ती बरणी घेऊन तो गॅरेजात गेला. धाकटीने ती हातात घेतली, फडकं सोडून आत पाहिलं, दोन बोटांनी कापूस उचलून खाली पाहिलं. तिचा चेहरा जरा पडल्यासारखा झाला. मग तिने सगळं होतं तसं केलं आणि बरणी कोब्यावर ठेवली. दाराला कुलूप लागलं.

आणि बाबांची खरी बरणी थोरल्याने वरच्या मजल्यावर झोपायच्या खोलीत नेली आणि कपाटाच्या माथ्यावर, जुन्या बॅगेमागे सरकवून ठेवली. धाकट्याच्या जमिनीला तिचा लाभ व्हायला नको, एवढाच हिशेब होता.

"काय ठेवलंत वर?" थोरलीने विचारलं.

"काही नाही. जुनं सामान."

"आणि माझी साखर डब्यात का?"

"मुंग्या झाल्या होत्या."

थोरलीने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसालाच ती नजर ओळखता यावी.

ते चार दिवस हवा दमट होती. आभाळ नुसतं भरून यायचं. थोरल्याला शेडमध्ये मात्र बरं वाटत होतं. बाबांची पहिली बरणी आत असताना बंद शेडमधली हवा खरंच जरा सुकल्यासारखी झाली होती. पुठ्ठ्यांना कडकपणा आला होता. "फरक आहे," तो येईल त्याला सांगायचा. दार पुन्हा उघडं राहू लागलं तसा दोन दिवसांत कोबा परत चिकट झाला. थोरल्याने त्याचाही अर्थ लावून ठेवला होता: धाकटा ढकलतोय.

ठरल्या सकाळी गॅरेजसमोर गल्ली लोटली. बेकरी उघडी टाकून बेकरीवाला आला होता. थोरल्याच्या हातात पहार होती. ती त्याने कुणाच्या सांगण्यावरून आणली नव्हती.

बाबांनी कुलूप उघडवलं. फडकं सोडलं. आत पाहिलं.

थोरला बाबांच्या अगदी शेजारी उभा होता, म्हणून त्याला दिसलं. बाबांच्या चेहऱ्यावर क्षणभर, पापणी लवेल इतकाच वेळ, एक साधा गोंधळलेला माणूस आला. दुकानात गेल्यावर पाकीट घरी राहिल्याचं लक्षात येतं तसा. बाबांनी बरणी किंचित हलवली. मग तो माणूस नाहीसा झाला आणि बाबा परत आले.

"कोरडी!" त्यांनी बरणी उंच धरली. "पाहिलंत? थेंब नाही! या जमिनीने सगळी, सगळीच्या सगळी ओल भावाच्या अंगावर ढकलली आहे. याहून मोठा पुरावा काय हवा?"

"म्हणजे भरली असती तरी भोक, आणि रिकामी निघाली तरी भोक," धाकटी म्हणाली. "मग बरणी ठेवली कशाला?"

"बाई, हे तुमच्या पुस्तकात नाही."

"पुस्तकात नसेल. पण चार दिवसांपूर्वी तुमच्या तोंडात होतं. भरणार म्हणाला होतात."

गर्दीत कुजबुज झाली, पण कुजबुज बाबांच्या बाजूची होती. रिकामी बरणी हा भरलेल्या बरणीपेक्षा मोठा चमत्कार आहे, असं शिंपीणबाई शेजारणीला समजावून सांगत होत्या. बेकरीवाला थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाइंडरशेठ, मारा."

थोरल्याने पहार उचलली नाही. त्याला तो गोंधळलेला चेहरा दिसत होता. रिकामी बरणी हाच मोठा पुरावा होता, तर ते दचकले का? साखरेच्या बरणीत पाणी येणार नाही हे थोरल्याला ठाऊक होतं, कारण ती साखरेची होती. बाबांना ते ठाऊक नव्हतं. मग त्यांना बरणीत काय दिसायला हवं होतं?

"आलोच," तो म्हणाला. "हातमोजे घेऊन येतो."

वरच्या खोलीत थोरली अंथरुणं आवरत होती. त्याने खुर्ची ओढली, वर चढला, बॅग बाजूला केली. बरणी हाताला जड लागली. त्याने ती खाली उतरवली आणि फडकं सोडलं.

पाणी होतं. दोन बोटं, कदाचित थोडं जास्तच.

तो खुर्चीवर बसला. बरणीखाली जमीन नव्हती. कोबा नव्हता. खाली लाकडी कपाट होतं, कपाटात बायकोचे लोकरीचे कपडे, त्याखाली फरशी, त्याखाली स्वयंपाकघर. धाकट्याने ढकललेली ओल जिना चढून, खोलीत शिरून, कपाटावर चढून या बरणीत येऊन बसली, असं स्वतःला सांगायचा त्याने एकदा प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही.

"ही त्या बाबाची का?" थोरलीने विचारलं. "आणि तिकडे माझी साखरेची?"

त्याने बरणी मांडीवर घेतली.

"का हो? का केलंत असं?"

"त्याची जमीन आणखी कोरडी झाली असती," तो म्हणाला, आणि मोठ्याने उच्चारल्यावर ते वाक्य कसं ऐकू येतं हे त्याला पहिल्यांदा कळलं.

थोरली खिडकीशी गेली. "या इकडे," ती म्हणाली. "बघा तुमचा भाऊ काय करतोय."

खाली धाकटा चार दिवस आत अडकलेली गाडी मागे घेऊन गॅरेजच्या बाहेर काढत होता. मग त्याने कोपऱ्यातलं सामान हलवलं, जमीन झाडली, आणि कंबरेवर हात ठेवून वर बघत म्हणाला, "दादा, ये रे! मला कामाला जायचंय. भोकाने तुझी पुस्तकं वाचत असतील तर पाड एकदाचं. आपण बादली ठेवू त्याच्यावर."

थोरल्याला वाटायला हवं होतं प्रेम. वाटली ती पुन्हा तीच जुनी कळ. हेही याच्याकडेच? मोठं मनसुद्धा? निदान हे तरी थोरल्याच्या वाट्याला यायला नको होतं का? तो खिडकीशी उभा राहिला, हातात बरणी. ही बरणी मोरीत ओतून टाकली तर कुणाला कळणार नव्हतं. थोरलीला कळलं होतं, पण ती बोलली नसती. खाली जाऊन पहार मारायची. भोक पडलं असतं. मग धाकट्याच्या कोब्यालाही पाऊल चिकटलं असतं. दोघं सारखे.

हा विचार इतका गोड होता की त्याचीच त्याला भीती वाटली.

तो बरणी घेऊन खाली उतरला.

"ही बाबांची खरी बरणी," त्याने गर्दीसमोर सांगितलं. "गॅरेजात ठेवली ती माझ्या घरातली साधी होती. बदलली मीच. ही चार दिवस माझ्या माडीवर, कपाटाच्या डोक्यावर होती. बघा."

बेकरीवाल्याने आत पाहिलं. मग कपाटाकडे, म्हणजे वरच्या खिडकीकडे पाहिलं. मग पुन्हा बरणीत.

"बाबा," तो म्हणाला, "माडीवर कुठली हो जमीन?"

"ओल ऊर्ध्वगामी असते!" बाबा म्हणाले. "भिंतीतून चढते, कंपनांच्या मार्गाने..."

"आणि मधल्या स्वयंपाकघरात थांबली नाही?" खिडकीतून थोरली म्हणाली. "मी तिथेच होते. चहा तरी दिला असता."

हसू फुटलं ते आधी मागून, जिथे काही दिसत नव्हतं तिथून. मग पुढे आलं. धाकटीने मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. तिने बरणीतला भिजका कापूस चमच्याने बाजूला केला. तळाशी अजून न विरघळलेल्या पांढऱ्या खड्यांचा थर होता.

"भाऊजी, त्या दिवशी मी कापूस उचलून बघितला होता," ती म्हणाली. "मला खाली हेच सापडेल असं वाटलं होतं. सापडलं नाही, तेव्हा म्हटलं, माझंच चुकलं."

ती घरात गेली आणि कपड्यांच्या कपाटात टांगायची एक पिशवी घेऊन आली. पिशवी कापून तिने बशीत मूठभर पांढरे खडे ओतले.

"हे कॅल्शियम क्लोराइड. मिठाचाच एक चुलतभाऊ म्हणा. दुकानात मिळतं. हे हवेतली वाफ ओढून घेतं आणि स्वतः त्या पाण्यात विरघळतं. जमिनीतली ओल नाही, हवेतली. म्हणून फडकं मलमलचं. हवा आत जायला हवी ना! जाड झाकण लावलं असतं तर चमत्कार झाला नसता. खाली हे खडे, वर कापूस. तुम्ही कापूस चाचपता, तो कोरडाच असतो. हात लावू नका हो, काका, आग होते. आणि जिभेवर तर मुळीच नको."

बेकरीवाल्याने बोट मागे घेतलं. थोड्या वेळात बशीतल्या खड्यांच्या कडा चमकायला लागल्या, मग ओल्या झाल्या, मग एकमेकांना चिकटल्या. बशी हातोहात फिरली. कुणी मंत्र म्हटला नव्हता.

"पण माझी शेड सुकली होती," थोरला म्हणाला. "दोन दिवस."

"सुकणारच. बंद खोलीतली वाफ बरणीत गेली. पण खालून येणारी चालूच राहिली. गळती तशीच ठेवून पाणी पुसत बसण्यातला प्रकार."

बशी परत आली तेव्हा बाबा दारात नव्हते. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. घाईत त्यांना बूट जपायला वेळ मिळाला नसावा. पांढऱ्या बुटांचे ठसे गॅरेजसमोरच्या चिखलातून सरळ रस्त्यापर्यंत गेले होते.

त्या संध्याकाळी धाकटीने दोन्ही कोब्यांवर प्लास्टिकची मोठी पारदर्शक शीट अंथरून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. "थेंब शीटच्या वर आले तर दोष हवेचा," ती म्हणाली. "खाली आले तर जमिनीचा. यात कुणाला काही बोलायला लागत नाही."

सकाळी धाकट्याची शीट दोन्ही बाजूंनी कोरडी होती. थोरल्याच्या शीटखाली थेंब होते, आणि ते सगळीकडे नव्हते. शेडच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पट्टीने आखावी तशी सरळ रेघ. आणि भिंतींच्या कडेने किनार.

थोरला गुडघ्यावर बसून त्या रेघेकडे पाहत राहिला. ती रेघ त्याच्या ओळखीची होती.

कोब्याखालच्या प्लास्टिकच्या कागदाची गुंडाळी दोघांनी मिळून आणली होती. वाटणीच्या वेळी थोरला म्हणाला होता, निम्मी निम्मी, बोटभरही इकडेतिकडे नको. त्याआधी तोच म्हणाला होता की आपली शेड धाकट्याच्या गॅरेजपेक्षा हातभर मोठी हवी. थोरली वाटणी दिसायला नको का! मोठ्या शेडला निम्मा कागद. गवंड्याने सांगितलं होतं की मधला जोड वीतभर एकावर एक चढवायला हवा, वर चिकटपट्टी हवी, आणि कडेला कागद भिंतीवर वळवायला हवा. कागद कमी पडतोय, धाकट्यांकडचा उरतोय, त्यातला घेऊ. थोरल्याने त्याला झटकून टाकलं होतं. त्याचा तुकडा मी घेणार नाही. जेमतेम कडेला कड लावून अंथर. गवंड्याने तसं अंथरलं आणि वर काँक्रीट ओतलं.

तेव्हापासून जमीन त्या फटीतून वर येत होती. धाकट्याने काहीच ढकललं नव्हतं.

"उपाय आहे," धाकटी म्हणाली. "कोबा फोडायची गरज नाही. आहे तो साफ करायचा, टोकदार काही उरू द्यायचं नाही, वर नवा कागद. जोड वीतभर चढवून, पट्टी मारून, कडा भिंतीवर वळवून. मग वर काँक्रीटचा नवा थर. दार थोडं कापावं लागेल खालून."

बेकरीवाला आणि शिंपीणबाई दारात उभे होते. बेकरीवाल्याने पिठाच्या कोठीसाठी बाबांची एक बरणी आधीच आणून ठेवली होती, हे त्याने आत्ता हळूच सांगितलं.

"फेकू नका," धाकटी म्हणाली. "आणि बाबाला मारायलाही धावू नका. तो गेला तर दुसरा येईल, बरणीऐवजी दुसरं काही आणेल. तुम्ही एवढंच करा. जिथे चमत्कार व्हायला हवा असं तो म्हणतो तिथे वस्तू ठेवता ना? तीच वस्तू, जिथे चमत्कार व्हायला नको तिथेही एकदा ठेवून बघा. भाऊजींनी ठेवली तशी."

"मी त्यासाठी नव्हती ठेवली," थोरला म्हणाला.

"बरणीला ते माहीत नव्हतं," धाकटी म्हणाली.

दुपारी धाकट्याने गॅरेजच्या माळ्यावरून उरलेली गुंडाळी खाली काढली, जोडांना आणि कडांना पुरेल एवढी. इतकी वर्षं ती वर पडून होती. थोरल्याला ते ठाऊक होतं. धाकट्याने ती झटकली आणि मधल्या कुंपणावर ठेवली. "दादा, इथे ठेवलीय रे," एवढंच ओरडला आणि गाडी घेऊन गेला.

थोरल्याने पुस्तकं माडीवर हलवली आहेत. थोरलीने कपाट मोकळं करून दिलं आहे. ग्रंथालयाच्या बाईंना तो सोमवारी भेटणार आहे. कोरडेबाबा दोन रस्ते पलीकडे एका लाँड्रीत दिसल्याचं टॅक्सीवाला सांगतो. तिथेही उद्या सकाळी एक बरणी उघडायची आहे.

हे लिहीपर्यंत गुंडाळी कुंपणावरच आहे. आभाळ भरून आलं आहे. गुंडाळीचं एक टोक कुणीतरी हातभर उलगडलेलं आहे आणि त्याच्या कडेला शिसपेन्सिलची एक बारीक खूण आहे, बाइंडर पुठ्ठ्यावर मापाला करतात तशी. कागद अजून कापलेला नाही.